बाहेरचं जेवण परवडेनासं झालंय? पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी स्वयंपाकाची सुरुवात

ॲपवर २०० रुपयांची थाळी दिसते, पण खिशातून २०० जात नाहीत. पॅकिंगचे १५ धरा. जेवण आणि पॅकिंगवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे पावणेअकरा रुपये. घरपोच आणण्याचे ३५, प्लॅटफॉर्म शुल्क १२, आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, साडेआठच्या आसपास. बेरीज २८१. यातलं प्लॅटफॉर्म शुल्क २०२३ मध्ये २ रुपयांनी सुरू झालं होतं, ते आता दहाच्या पुढे गेलंय. डिलिव्हरीच्या शुल्कावरचा १८ टक्के कर सप्टेंबर २०२५ पासूनचा. आठवड्याला अशा पाच ऑर्डरी झाल्या, तर महिन्याचे साडेपाच हजार फक्त रात्रीच्या जेवणावर जातात, आणि तेही आठवड्यातल्या पाचच रात्री.

हॉटेलवाले लुटतात असं मला वाटत नाही. त्यांचा १९ किलोचा निळा सिलिंडर घरच्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरपेक्षा किलोमागे बराच महाग पडतो आणि त्याचे दर दर महिन्याच्या एक तारखेला बदलतात. सप्टेंबर २०२४ मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क एकदम वाढलं, तेव्हा कढई दिवसभर चुलीवर असणाऱ्या माणसाला ते आपल्यापेक्षा जास्त झोंबलं. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांना ५ टक्के जीएसटी आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळत नाही. त्यामुळे गाळ्याच्या भाड्यावरचा करही शेवटी थाळीच्या किमतीतच जातो. ॲपचं कमिशन वेगळं, ते बिलाच्या पाचव्या-चौथ्या हिश्श्यापर्यंत जातं. यातलं काहीच लवकर कमी होणारं नाही. म्हणून घरी शिजवायला शिकायचं.

मात्र शिकताना बहुतेक मुलंमुली एका जागी अडतात. ती पाककृतींचे व्हिडिओ बघतात, एका रविवारी दोन तास घालून पनीरची भाजी करतात आणि सोमवारी रात्री नऊ वाजता थकून पुन्हा ॲप उघडतात. पैसे वाचतात की नाही हे त्या नऊच्या वेळेवर ठरतं. तेव्हा घरात भिजलेलं, शिजलेलं, भाजलेलं काय आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाच्या आहेत.

आधी हिशेब

ॲपमधल्या जुन्या ऑर्डरी उघडा आणि गेल्या महिन्याच्या रकमा कागदावर लिहा. शेजारी वार आणि वेळ. कुठल्या वारी, किती वाजता मागवलं जातं ते लगेच दिसेल. बहुतेकांचं आठवड्याच्या दिवसांतलं रात्रीचं जेवण निघतं. मग सुरुवात तेवढ्याचीच करा. नाश्ता, दुपारचा डबा, रात्रीचं जेवण असं तिन्ही एकदम हाती घेतलं की आठवडाभरात सगळंच सुटतं. दुपारी कँटीन किंवा मेस चालू असेल तर ती चालू राहू द्या.

आता घरचा हिशेब. भाव सोयीसाठी धरलेत, तुमच्या दुकानातले घालून बघा. ८० ग्रॅम तांदूळ, किलोला ६० धरला तर ५ रुपये. ५० ग्रॅम तूरडाळ, १४० च्या भावाने ७. तेल एक मोठा चमचा, २ रुपये. आतपाव भाजी १०, वाटीभर दही ९, मसाला-मीठ-गूळ ३, गॅस किंवा वीज ५. हे झाले ४१. पोळीभाजी केंद्रातून दोन पोळ्या आणल्या तर आणखी २० धरा, म्हणजे ६१. यात तुमचा वेळ आणि भांडी घासणं धरलेलं नाही, ते लागतंच. तरीही २८१ आणि ६१ यांच्यात एवढं अंतर आहे की आठवड्यातून तीनच रात्री जमलं तरी महिन्याला अडीच हजारांच्या वर हातात राहतात.

पोळ्या विकत आणा

नवशिक्यांनी पोळ्यांपासून सुरुवात करू नये, असं मी आग्रहाने सांगेन. कणीक मळणं, लाटणं, भाजणं, ओटा पुसणं यात तासभर जातो आणि पहिले काही दिवस पोळ्या वातड होतात. कंटाळा येतो आणि सगळा बेतच बारगळतो. पुण्यात पोळीभाजी केंद्रं जवळपास प्रत्येक वस्तीत आहेत. कोथरूड, कर्वेनगर, सदाशिव पेठेत तर गल्लीगल्लीत. नुसत्या पोळ्याही मिळतात. वाकड, हिंजवडी, खराडीकडे जरा शोधावं लागतं, पण सोसायटीत विचारलं तर एखाद्या काकू घरून पोळ्या देणाऱ्या निघतात. त्यांच्याशी महिन्याचं ठरवा, रोज किती आणि किती वाजता. वरण, भाजी, उसळ जमायला लागली की मग हवं तर लाटणं हातात घ्या.

चूल आणि भांडी

पीजीत राहत असाल तर आधी मालकांना विचारा. लपूनछपून इंडक्शन लावू नका, कारण जुन्या वायरिंगला ते झेपेलच असं नाही. २००० वॉटची शेगडी जवळपास ९ अँपिअर खेचते. तिला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट लागतो, मोबाइल चार्ज करायचा छोटा चालत नाही. एक्स्टेंशन बोर्डावर तर कधीच लावू नका. इंडक्शनवर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. बुडाला चुंबक चिकटतो का ते दुकानातच बघा. विजेचा खर्च फार नसतो, १२०० वॉटवर २५ मिनिटं म्हणजे अर्धा युनिट.

फ्लॅट असेल आणि गॅस कनेक्शन नावावर नसेल, तर ५ किलोचा छोटा सिलिंडर मिळतो. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर विचारा. किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो, पण भाडेकरूची मोठी सोय होते.

भांडी तुळशीबागेच्या बाजारात घ्या. दहा दुकानं शेजारीशेजारी असल्यामुळे हातात धरून वजन बघता येतं. एकट्यादुकट्याला तीन लिटरचा, आत डबे बसणारा कुकर पुरतो. डबे त्याच दुकानात कुकरमध्ये घालून, झाकण लावून बघा. घरी आणल्यावर झाकण बसत नाही असं बऱ्याचदा होतं. लोखंडी तवा, जाड बुडाची मध्यम कढई, एक पातेलं, पळी, उलथनं, झारा, सांडशी, सुरी आणि लाकडी पाट, किसणी, मसाल्याचा गोल डबा. एवढ्याने वर्ष निघतं. नॉनस्टिकचा सेट घेऊ नका, मिक्सरही पहिल्या महिन्यात नको. पैसे राहिले तर एक छोटा खलबत्ता घ्या, लसूण आणि दाणे कुटायला तो रोज लागतो.

किराणा: पिशवी छोटी, फेरी महिन्याची

एकट्यासाठी, रोज रात्रीच्या जेवणापुरता: तांदूळ ३ किलो, तूरडाळ १ किलो, मूगडाळ, मटकी, बेसन, जाडे पोहे, रवा आणि शेंगदाणे प्रत्येकी अर्धा किलो, शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल १ लिटर. मीठ, साखर, गूळ, चिंच. मोहरी, जिरे, हिंग, हळद, तिखट. गोडा मसाला १०० ग्रॅम. ज्यांच्या घरी कांदा-लसूण मसाला होतो त्यांनी गावाहून बरणीभर आणावा, विकतच्याला ती चव नाही. मेतकुटाची एक पुडी जरूर ठेवा.

पाच किलोची ऑफरची पिशवी स्वस्त दिसते, पण पावसाळ्यात रव्यात आणि डाळीत पोरकिडे होतात आणि निम्मं टाकावं लागतं. घट्ट झाकणाचे डबे आधी घ्या, माल नंतर.

पहिला आठवडा फक्त कुकर

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. कुकर हातात बसला की निम्मा स्वयंपाक झाला.

तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. ऑफिसातून आल्या आल्या हे करायचं, मग कपडे बदलायचे, चहा घ्यायचा. कुकरच्या बुडाशी दोन बोटं पाणी घाला. खालच्या डब्यात एक वाटी डाळीला अडीच ते तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब. तेलामुळे फेस कमी येतो. वरच्या डब्यात तांदूळ दोन-तीनदा धुऊन, एका वाटीला दोन वाट्या पाणी. तांदूळ जुना असेल तर थोडं जास्त, नवा असेल तर कमी. इंद्रायणी घेतलात तर भात चिकटच होतो, तो तसाच असतो. वरणभाताला मला तोच आवडतो.

झाकण लावण्याआधी रिंग जागेवर आहे का आणि शिट्टीच्या भोकातून आरपार दिसतंय का ते बघा. मध्यम आचेवर चार-पाच शिट्ट्या. मग गॅस बंद करा आणि वाफ आपोआप जिरू द्या. झाकण जोर लावून उघडू नका. ते स्वतःहून सैल होईपर्यंत थांबा, त्या दहा मिनिटांत डाळ आणखी मऊ होते. बाजूने वाफ निसटत असेल आणि शिट्टी होत नसेल तर रिंग सैल झालीय, नवी आणा.

डाळ पळीने घोटा, मीठ घाला, लागेल तसं गरम पाणी घाला. वरण तयार. भातावर वरण, तूप आणि लिंबू. पहिले दोन दिवस एवढंच जेवा.

तिसऱ्या दिवशी फोडणी शिका. पळीत किंवा छोट्या कढईत तेल चांगलं तापवा. मोहरीचा एक दाणा टाकून बघा. लगेच तडतडला तर तेल तयार, नुसता तळाशी बसला तर थांबा. मोहरी तडतडली की जिरे, मग हिंग, मग कढीपत्ता. कढीपत्ता पुसून घाला, ओला असला तर तेल हातावर उडतं. हळद सगळ्यात शेवटी आणि आच कमी करून, कारण ती क्षणात जळते आणि सगळं कडवट लागतं. ही फोडणी वरणात ओतली की साधं फोडणीचं वरण होतं. त्यातच चमचाभर गोडा मसाला, थोडा चिंचेचा कोळ, सुपारीएवढा गूळ आणि तिखट घालून पाच मिनिटं उकळलं की आमटी. हा क्रम हाताला कळला की पोहे, उपमा, उसळ, बटाट्याची भाजी यांची सुरुवात आपोआप येते. वेगळी पाककृती पाठ करावी लागत नाही.

रविवारची तयारी

रविवारी पाऊण तास काढा. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, सालं पाखडून, जाडसर कूट करून बरणीत भरा. लसणाच्या दोन गड्ड्या सोलून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. मटकी शनिवारी रात्री भिजत घाला, रविवारी सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात बांधून ठेवा, सोमवारपर्यंत मोड येतात. थंडीत एक दिवस जास्त लागतो. मोड आले की फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस ती चांगली राहते आणि कांदा, फोडणी, मसाला एवढ्यावर उसळ होते. चिंचेचा घट्ट कोळही काढून ठेवता येतो.

कांदा मात्र आदल्या दिवशी चिरून ठेवू नका, वास येतो.

रात्री नऊचे पदार्थ

आता मुद्द्याचं. उशीर झालाय, कंटाळा आलाय, भाजी संपलीय. अशा वेळी वीस मिनिटांत होणारे तीन-चार पदार्थ पक्के असले पाहिजेत.

पहिलं पिठलं. अर्धी वाटी बेसन दीड ते दोन वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. फोडणीत भरपूर लसूण, चिरलेला कांदा, हिरवी मिरची परता. कांदा मऊ झाला की मीठ आणि कालवलेलं पीठ घालून सतत ढवळत राहा. घट्ट व्हायला लागलं की झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं. कच्च्या पिठाचा वास गेला की झालं. केंद्रातून आणलेली पोळी किंवा भाकरी आणि वर कच्चा कांदा.

दुसरी मुगाची खिचडी. तांदूळ आणि मूगडाळ समसमान, फोडणी थेट कुकरमध्ये, चौपट पाणी, तीन शिट्ट्या. डाळ भिजवायला लागत नाही, म्हणून ऐन वेळी हिचा फार आधार असतो. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, डाळ-तांदूळ फुगतात.

तिसरा फोडणीचा भात, कालच्या उरलेल्या भाताचा. आणि काहीच करवत नसेल तर गरम भात, मेतकूट, तूप. ताप आलेल्या माणसालाही हेच देतात, त्यामुळे त्याला कमी समजू नका.

उरलेल्या भाताबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगते. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. त्यात असे जिवाणू वाढतात की ज्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजल्यापासून तास-दोन तासांच्या आत निववून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा, आणि एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करा. फ्रिज नसेल तर मोजकाच भात लावा.

भाजी

महात्मा फुले मंडई पेठांत राहणाऱ्यांना जवळ आहे, बाकीच्यांनी आपल्या भागातला आठवडी बाजार कधी भरतो ते विचारून घ्यावं. गुलटेकडीचं मार्केट यार्ड चार जण मिळून गेलात तरच परवडतं. एकट्याला आठवड्याला कांदे-बटाटे किलो-किलो, दोन फळभाज्या पाव-पाव किलो आणि एक पालेभाजीची जुडी पुरते. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवा. निवडून, न धुता, कागदात गुंडाळून ठेवली तर टिकते. पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि मातकट असते, तेव्हा मटकी, चवळी, हरभरे यांवर भर द्या.

टोमॅटोशिवाय रस्सा होत नाही हा समज हॉटेलच्या ग्रेव्हीमुळे पसरलाय. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला १०० च्या वर गेला तेव्हाही आमटीचं काही अडलं नाही, कारण आपल्या स्वयंपाकात आंबटपणा चिंच, आमसूल, ताक, दही, कैरीनेही येतो. जे महाग असेल ते त्या आठवड्यात सोडून द्यायचं. आठवड्याचा बेत बाजारात भाव बघून ठरवा, घरून ठरवून गेलात की जास्त खर्च होतो.

रूममेट असतील तर

तिघे-चौघे मिळून स्वयंपाक स्वस्तही पडतो आणि कंटाळाही येत नाही. पण पैशांपेक्षा भांडण भांड्यांवरून होतं. ज्याने शिजवलं त्याने त्या रात्री घासायचं नाही, एवढा एक नियम पहिल्या दिवशी ठरवा. किराण्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला समान काढून एका डब्यात किंवा एकाच्या खात्यात ठेवा. अंडी, चिकन, मासे खाणारे आणि न खाणारे एकत्र असतील तर कढई आणि चमचे वेगळे ठेवा, त्याचा खर्चही वेगळा लिहा. कुणी उपास करतो, कुणी लसूण खात नाही, हेही आधीच विचारलेलं बरं.

बाहेर खायचं ते ठरवून

सगळं बंद करू नका. मिसळ, डोसा, बिर्याणी, तंदुरी हे घरी एकट्यासाठी करणं खर्चिक आणि जिकिरीचं असतं. ते बाहेरच खावं आणि शक्य असेल तर तिथे जाऊन, गरम, बसून खावं. पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म शुल्क तिन्ही वाचतात, आणि बऱ्याच हॉटेलांचे ॲपवरचे दर आतल्या मेनूकार्डापेक्षा जास्त असतात. वरणभात, खिचडी, पोहे, दहीभात मात्र मागवू नका. हॉटेलातल्या डाळखिचडीचे जे पैसे होतात तेवढ्यात घरी आठवड्याची तूरडाळ आणि तांदूळ येतात.

बिल आलं की वाचा. ५ टक्के जीएसटी, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच, एवढाच कर साध्या हॉटेलात लागतो. 'सर्व्हिस चार्ज' नावाची ओळ दिसली तर तो कर नाही आणि सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तो बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. शांतपणे काढायला सांगा. नाही काढला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वाढणाऱ्या माणसाला काही द्यावंसं वाटलं तर त्याच्या हातात द्या.